मातीचा रंग : टिकवायचा की पुन्हा लावायचा?

हौशी : घरी करायच्या मातीच्या रंगात घटक चारच. वस्त्रगाळ चिकणमाती, तिच्या जोडीला खडूसारखी एखादी निष्क्रिय पूड, या दोन्हींना भिंतीशी धरून ठेवणारी खळ, आणि पाणी. छटा बदलायची असेल तर गेरू, पिवडी किंवा काजळी घालतात. पण पुष्कळदा मातीचा स्वतःचा रंगच पुरतो. बाजारातल्या इमल्शनमधले पाणी उडाले की त्यातले प्लास्टिकचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो. मातीच्या रंगात यांपैकी काही घडत नाही. पाणी उडते, मातीचे चपटे कण एकमेकांवर बसतात, खळ त्यांना चिकटवते, आणि काम संपते. म्हणूनच बादलीत वाळून खडा झालेला रंग दुसऱ्या दिवशी भिजवून पुन्हा वापरता येतो. भिंतीवर ओरखडा उठला तर ओल्या स्पंजने कडा मऊ करून तो तिथल्या तिथे मिटवता येतो. डबा सील करायला नको, टर्पेंटाइन नको, खोली आठवडाभर रिकामी ठेवायला नको.

शंकेखोर : पाण्याने जे मऊ होते ते पाण्याने जाते, हे ओघानेच आले. खिडकीतून पावसाचा सपकारा आला, कुंडीला घातलेले पाणी भिंतीवर उडाले, मुलाने ओला हात टेकला, की तुमचा गुण तिथेच दोष झाला. पण तो वाद पुढे करू. आधी माती कुठली ते सांगा. चिकणमाती म्हणजे जणू दुकानात मिळणारा एकच पदार्थ, अशा थाटात या रंगाची कृती सांगितली जाते. महाराष्ट्राच्या पठारावर पायाखाली काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच भिंतीवर फासली तर आठ दिवसांत भिंतीचेही शेत होईल.

हौशी : काळी घ्यायचीच नाही. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरते तेव्हा ते फुगते आणि वाळताना आकसते. गावांना हे खनिजाचे नाव माहीत नसतानाही ठाऊक होते. पेरणी काळीत आणि वस्ती पांढरीत, अशी ती वाटणी. घराच्या भिंती, गढीचे बुरूज, माळवदावरची माती, सारे पांढरीचे. कोकणात जांभ्यापासून झालेली लाल माती मिळते. तिच्यात केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडे असतात, फुगण्याची खोड कमी असते आणि वेगळा गेरू घालावा लागत नाही. शहरात मूर्तिकारांकडची शाडू हा सोयीचा मार्ग. ती बहुतेक गुजरातेतून येते, त्यामुळे ती स्थानिक आहे असा दावा करता येत नाही; पण विसर्जनानंतर उरलेली शाडू वाळवून पुन्हा वापरली तर तो आक्षेपही उरत नाही.

खणलेली माती असेल तर वरचा मुळांचा आणि कुजक्या पानांचा थर बाजूला करून खालची घ्यावी. काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवावे. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, तिच्यावर पुढच्या काही तासांत पोयटा बसतो, आणि चिकणमाती सर्वांत शेवटी, कधी दोन दिवसांनी. थरांची उंची पाहून माती कोणत्या जातीची ते कळते. मग तीच क्रिया बादलीत करायची. माती भिजवून ढवळायची, मिनिटभर थांबून वरचे गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचे, तळाची वाळू टाकून न देता बाजूला ठेवायची. दुसऱ्या बादलीत दोन दिवसांनी निवळ वर येते आणि खाली लोण्यासारखा मऊ गाळ उरतो. तो जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या कापडातून गाळला की रंगाची माती झाली.

शंकेखोर : इथवर कुंभारकाम झाले. नुसता गाळ भिंतीला लावला तर तो वाळल्यावर भुरभुरेल. त्याला धरायला खळ हवी, आणि या रंगाचे सगळे बरेवाईट त्या खळीवरच ठरत असणार. ती किती घालायची, हे मात्र कुणी नेमके सांगत नाही. एकाच्या कृतीत एक वाटी, दुसऱ्याच्या कृतीत चार.

हौशी : नेमके सांगता येत नाही, कारण प्रत्येक मातीची भूक वेगळी असते. सुरुवात करण्यापुरते प्रमाण असे : एक वाटी मैदा दोन वाट्या थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवावा आणि दीड वाटी उकळत्या पाण्यात ओतून सतत ढवळावा. साठ अंशांच्या पुढे स्टार्चचे कण फुगतात आणि पांढरे गढूळ मिश्रण बघता बघता अर्धपारदर्शक, चिकट होते. तिथे आच बंद. मग आणखी दोन वाट्या पाण्याने ती सैल करून तिच्यात दोन भाग माती आणि एक भाग पूड सोडावी. पूड खडूची, संगजिऱ्याची किंवा बारीक अभ्रकाची. ती आकसत नाही, त्यामुळे मातीला भेगा पडू देत नाही. खेड्यात हेच काम शेणातले तंतू करतात.

खरी परीक्षा यानंतर. कपाटाआड किंवा दारामागे हातभर जागेत तीन पट्टे ओढायचे. पहिल्यात खळ कमी, दुसऱ्यात बेताची, तिसऱ्यात जास्त. पूर्ण वाळू द्यायचे, म्हणजे किमान एक दिवस. ओला पट्टा गडद दिसतो आणि वाळल्यावर तो बराच फिकट होतो, त्यामुळे रंगाचा निर्णयही आधी घेऊ नये. मग कोरडा तळवा पट्ट्यावरून फिरवायचा. हाताला पीठ लागले तर खळ कमी. बारीक जाळीदार भेगा दिसल्या तर माती जास्त, पूड वाढवायची. पट्टा किंचित चकाकतो आहे आणि त्याच्या कडा पापडासारख्या वर वळल्या आहेत, तर खळ जास्त झाली; ती आकसताना मातीचा थर भिंतीपासून ओढून काढते. तळवा जवळजवळ स्वच्छ राहतो, पृष्ठभागाला चकाकी नाही आणि कडा बसलेल्या आहेत, तोच पट्टा घ्यायचा. संपूर्ण खोलीला लागेल एवढा रंग एकदाच करावा. दुसऱ्या घाण्याची छटा पहिल्याशी जुळत नाही.

शंकेखोर : ‘जवळजवळ स्वच्छ’ हा शब्दप्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. खळीबद्दल दुसरी गोष्ट. भिंतभर अन्न पसरायचे आणि बाकीच्या जीवांनी तिकडे पाहू नये अशी अपेक्षा करायची, हे कसे चालेल? जुन्या पुस्तकांच्या बांधणीतली खळ कसर खाते, तिला भिंत वर्ज्य नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. तिथे मैद्याची भिंत कोरी राहील? पुस्तकबांधणीवाले यावर खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे. घरगुती कृतींमध्ये टाकणखार सुचवतात. युरोपीय संघाने 2010 मध्ये त्याची नोंद अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत केली, कारण तो प्रजननाला घातक ठरतो. रंगद्रव्यांचे तसेच. हरताळ आर्सेनिकचे संयुग, हिंगूळ पाऱ्याचे, शेंदूर शिशाचे. आणि ही तिन्ही आपल्या परंपरेतलीच. उलट कारखान्यातल्या घरगुती रंगांना 1 नोव्हेंबर 2017 पासून कायद्याचे बंधन आहे : शिसे दर दहा लाख भागांत 90 भागांच्या वर जाता कामा नये. डब्यावर तसे लिहावे लागते. तुमच्या बादलीवर काय लिहिले आहे?

हौशी : बादलीवर काही लिहिलेले नाही, म्हणून बादलीत काय जाते ते लावणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. हरताळ, हिंगूळ, शेंदूर यांना घरच्या भिंतीवर जागा नाही. गेरू, पिवडी, काजळी आणि कपड्यांची नीळ एवढ्यांत काम भागते. हळद तर विचारातही घेऊ नये. उन्हात ती उडते आणि चुन्याशी गाठ पडली की लाल होते. कोरडी माती चाळतानाची धूळ फुप्फुसांना वाईट, तिच्यात सिलिका असते. तोंडाला मास्क हवाच, किंवा मघाशी सांगितल्याप्रमाणे सगळे काम ओल्यात करावे.

बुरशीचा आक्षेप मात्र विदर्भात आणि कोकणात सारखाच लागू होत नाही. कोरड्या हवेत पातळ लावलेली खळ एकदा खणखणीत वाळली की बरीच वर्षे शांत राहते. दमट हवेत मैद्याऐवजी केसीन वापरता येते. दूध फाडून काढलेला चोथा विरलेल्या चुन्यात कालवला की चिवट सरस तयार होते. ती वाळल्यावर पाण्यात सहजी विरघळत नाही, चुन्यामुळे बुरशीलाही रुचत नाही.

शंकेखोर : पण मग तो मातीचा रंग राहिला कुठे? केसीन आणि चुना आला, म्हणजे रासायनिक बदल आला, म्हणजे पाण्याने मऊ होण्याचा तो गुण गेला. आणि चुना घ्यायचाच, तर नुसता चुना का नको? कोकण-गोव्याच्या जुन्या घरांनी तेच केले. कावीच्या नक्षीतला तांबडा रंग मातीचाच, पण तो बसवला आहे चुन्याच्या गिलाव्यात. चुना जंतूंना मारतो, स्वस्त आहे, खोली उजळतो आणि हवेतूनच पक्का होतो. मातीच्या रंगाची बाजू मांडणारे चुन्याच्या शेजारून मान खाली घालून जातात, असे दिसते.

हौशी : चुन्याची थोरवी नाकारता येत नाही. पण तो भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजावा लागतो. त्यात जळण जाते आणि दगडातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हातांना आणि डोळ्यांना तो झोंबतो. मुलांना हाताशी घेऊन चुना लावता येत नाही, माती येते. चुन्यात रंगद्रव्य थोडेच मावते, त्यामुळे गडद छटा मिळत नाहीत. आणि हाताला पीठ लागण्यात चुना मातीपेक्षा मागे नाही. जुन्या घरांत वर चुना आणि खाली गेरूचा पट्टा असे, ती विभागणी समजूतदार होती. दोघांत एकाची निवड करायला हवी, असे त्या घरांना वाटले नव्हते.

शंकेखोर : त्या घरांच्या भिंती कशाच्या होत्या, हाच तर मुद्दा आहे. माती, कच्ची वीट, किंवा कारवीच्या कुडावर लिंपण. आज ज्यांना मातीचा रंग हवा आहे ते राहतात सदनिकेत. भिंत सिमेंटच्या गिलाव्याची, तिच्यावर पुट्टी, प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात. म्हणजे तुमचा रंग मातीवर बसतच नाही, तो प्लास्टिकवर बसतो.

हौशी : म्हणूनच लावण्यापेक्षा भिंतीच्या तयारीला जास्त वेळ जातो. डिस्टेंपर किंवा भुरभुरणारा जुना चुना असेल तर तो खरवडून, ओल्या फडक्याने पुसून काढायचा. इमल्शन असेल तर पॉलिश पेपरने त्याची चकाकी मारायची. मग मघाशी बाजूला ठेवलेली वाळू चाळून पातळ खळीत मिसळायची आणि तिचा एक हात द्यायचा. वाळल्यावर भिंत बोटांना खरखरीत लागते. तीच रंगाची पकड. भिंतीला लोणा फुटला असेल किंवा खालून ओल चढत असेल तर आधी तिचा बंदोबस्त. रंग कुठलाही असो, क्षार त्याला ढकलून देतात.

रंग घट्ट ताकासारखा असावा. रुंद कुंचल्याने तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, मध्ये न थांबता लावायचा. भिंतीच्या मध्येच चहासाठी थांबले की वाळलेली कड कायमची दिसते. पहिला हात विरळ दिसतो आणि बघणाऱ्याचा धीर सुटतो, पण तो जाड करायचा मोह टाळावा. जाड थरालाच भेगा पडतात. पूर्ण वाळल्यावर दुसरा हात, गरज पडली तर तिसरा. शेवटचा हात वाळत आला, म्हणजे रंग फिकट व्हायला लागला पण भिंत स्पर्शाला थंडच आहे, की घट्ट पिळलेला स्पंज गोलाकार फिरवायचा. त्याने कुंचल्याच्या रेघा मिटतात, सुटे कण निघून जातात आणि अभ्रक घातले असेल तर ते चमकू लागते. हा क्षण अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. तो चुकला तर स्पंज एकतर रंग ओढून काढतो किंवा काहीच करत नाही. रंगाऱ्यांना हे काम नको असते याचे एक कारण हेच. रोलर फिरवून पुढच्या खोलीत जाता येत नाही.

शंकेखोर : एवढे करून मिळाले काय? सांगतात की भिंत श्वास घेते, खोलीतला दमटपणा शोषते. जर्मनीतल्या कासल विद्यापीठात गेर्नोट मिन्के यांनी मातीच्या बांधकामावर दीर्घकाळ प्रयोग केले. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर नेली तेव्हा कच्च्या विटांनी दोन दिवसांत भाजलेल्या विटांच्या 30 पट बाष्प शोषले, असे त्यांना आढळले. हा आकडा विटेचा आहे, काही सेंटिमीटर जाड मातीचा. तुमचा थर पोस्टकार्डाएवढा जाड, आणि त्याच्या मागे प्लास्टिक. तो काय शोषणार? मोठ्या विटेचा आकडा घ्यायचा आणि पातळ रंगाच्या गळ्यात बांधायचा, असा प्रकार होतो.

हौशी : हा आक्षेप पूर्ण मान्य. इमल्शनवर लावलेला मातीचा रंग खोलीची हवा सुधारतो, हे म्हणणे सोडून द्यावे. तिथे तो डोळ्यांसाठी असतो. प्रकाश त्याच्यावर पडून चकाकत नाही, जिरतो. पृष्ठभाग किंचित असमान असल्याने सकाळची आणि संध्याकाळची भिंत वेगळी दिसते. दिसण्याचा हा फरक खरा आहे, पण त्याला आरोग्याचे नाव देऊ नये.

रंगाचे खरे काम मात्र मागे मातीची किंवा चुन्याची भिंत असते तिथे सुरू होते. तिथे तो स्वतः फारसे शोषत नाही, पण भिंतीला अडवत नाही. पापुद्रा करणारा रंग अडवतो. न्यू मेक्सिकोत तावसजवळ सॅन फ्रान्सिस्को दे आसीस नावाचे कच्च्या विटांचे चर्च आहे. 1967 मध्ये दरवर्षीच्या लिंपणाचा त्रास वाचावा म्हणून त्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा दिला गेला. आत शिरलेले पाणी त्या कवचामागे कोंडले आणि विटा भिजून ढासळू लागल्या. 1979 मध्ये सगळे सिमेंट काढून गावकऱ्यांनी पुन्हा माती लावली, आणि दरवर्षी लावत राहिले. तो बाहेरचा गिलावा होता, आतला रंग नव्हे; पण पाणी कोंडण्याची क्रिया तीच. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या आतल्या मातीच्या भिंतींवर ऑइलपेंट मारलेला दिसतो आणि हात लावला की त्याचा ढलपा मागच्या मातीसकट निघतो, तो याच कारणाने.

शंकेखोर : म्हणजे ज्यांच्याकडे मातीची भिंत आहे त्यांनाच हा रंग लागू. आणि ज्यांच्याकडे ती आहे ते ती सोडायला टपले आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर मराठवाड्यात मातीचे घर म्हणजे मरण, असे समीकरण झाले. त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

हौशी : दोष गोल दगडांच्या विस्कळीत रचनेचा आणि डोक्यावरच्या टनावारी मातीचा होता. भिंतीवरच्या रंगाने घर पडत नाही की तरत नाही. पण भीती अशी वाटणी करत नाही, हे खरे.

शंकेखोर : भीती बाजूला ठेवली तरी मेहनत उरतेच. तुम्ही ‘गावांना ठाऊक होते’ म्हणता तेव्हा कर्ता गाव असतो. प्रत्यक्षात पोतेरे हातात घेऊन भिंत सारवणारी बाई असते. पावसाळा संपला की दिवाळीच्या आधी माती आणायची, शेण कालवायचे, पोपडे काढायचे, शिडीवर चढून लिंपायचे. हे सारे शेतातली कामे आणि स्वयंपाक सांभाळून. चर्चचे गावकरी वर्षातून एकदा सण म्हणून जमतात. घरात ते काम सण नव्हते, सणाआधीची दमछाक होती. त्या बाईला डिस्टेंपर मिळाला तेव्हा तिने तो घेतला, आणि तिचे बरोबर होते. आता शहरातली एखादी हौशी व्यक्ती सुट्टीत एक भिंत रंगवते आणि त्याला परंपरेकडे परतणे म्हणते. पहिली भिंत हौसेने होते. तिसऱ्या वर्षीची कोण करणार?

हौशी : या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की त्या मेहनतीत नुसती दमछाक नव्हती, कसबही होते, आणि ते नोंदले गेले नाही. कोणत्या ओढ्याची माती घ्यायची, शेण किती ताजे हवे, हात किती ओला ठेवायचा, हे ज्यांना ठाऊक होते त्यांना कुणी कारागीर म्हटले नाही. वारली घरांच्या भिंतींवर लग्नाचा चौक लिहिला जातो. खालची माती पुन्हा सारवली की चित्र जाते आणि पुढच्या लग्नाला नवे येते. तिथे पुन्हा लावणे हा भिंतीचा दोष मानलेला नाही. मात्र शहरात ती मेहनत विकत घ्यायची म्हटली तर मातीचा रंग इमल्शनपेक्षा स्वस्त राहत नाही. साहित्य फुकट, मजुरी महाग. आणि विकत न घेता घरातच करायचे म्हटले तर ती पुन्हा कुणाच्या माथी बसते, हे पाहावे लागेल.

शंकेखोर : यावर मधला मार्ग निघालाच आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी 2021 मध्ये शेणापासून केलेला ‘खादी प्राकृतिक पेंट’ बाजारात आणला. तो दोन प्रकारांत आला, डिस्टेंपर आणि प्लास्टिक इमल्शन. दुसऱ्या नावातच काय ते आले. घरी करणारेही हेच करतात, फक्त सांगत नाहीत. मातीच्या रंगात थोडे फेविकॉल घातले की हाताला पीठ लागत नाही, बुरशी येत नाही, ओला हात चालतो. सगळ्या अडचणी दोन चमच्यांत मिटतात. मग नकार कशाला?

हौशी : नकार नाही, पण हिशोब नीट मांडावा. दोन चमचे घातले तर पापुद्रा पूर्ण होत नाही आणि कण थोडे घट्ट बसतात. जसजसे वाढवाल तसतशी माती रंगद्रव्यापुरती उरते आणि भिंत इमल्शनसारखी वागू लागते. ती ओल्या स्पंजने दुरुस्त होत नाही, पोपडा निघाला की तुकड्यानेच निघतो, आणि मातीच्या भिंतीवर असेल तर पाणी कोंडण्याचा धोका परत येतो. खळीचे तीन पट्टे पाहताना जो प्रश्न होता तोच इथे आहे. जितके धरून ठेवाल तितके पुन्हा सोडवणे अवघड. सिमेंटच्या सदनिकेत सोडवण्याची गरज नसेल तर घाला फेविकॉल. मागे पांढरीची भिंत असेल तर घालू नका, आणि तिसऱ्या वर्षीचा हात कुणाचा ते आधी ठरवा.

शंकेखोर : मग कुठे अजिबात लावू नये, तेही सांगून टाका.

हौशी : स्वयंपाकाच्या ओट्यामागे नको, तेलाचा डाग मातीत खोल जातो आणि पुसता येत नाही. न्हाणीघरात नको. जिन्यात आणि अरुंद बोळात, जिथे खांदे घासतात, कमरेएवढ्या उंचीपर्यंत नको. ज्या भिंतीवर लवकरच इमल्शन मारायचे आहे तिथे नको, कारण मातीवर मारलेले इमल्शन मातीसकट सुटते. आधी सगळा थर धुऊन काढावा लागतो. भाड्याच्या घरात मात्र चालेल. निघताना कोमट पाणी आणि स्पंज घेतला की भिंत होती तशी मालकाच्या स्वाधीन करता येते.

शंकेखोर : होती तशी नव्हे. तुम्हीच इमल्शनची चकाकी पॉलिश पेपरने मारायला सांगितलीत आणि वाळूचा खरखरीत हात द्यायला सांगितलात. रंग धुऊन जाईल, घासलेली भिंत कशी परत येईल?

हौशी : भाड्याच्या घरात वाळू आणि पॉलिश पेपर दोन्ही वगळायचे आणि पहिल्या हातात खळ थोडी वाढवायची. पकड कमी राहील, हे उघड आहे.

शंकेखोर : किती कमी? कोरड्या दिवसांत धरेल आणि जुलैत सुटेल, इतकी?

हौशी : ते त्या भिंतीवरच्या पट्ट्यालाच विचारावे लागेल. पट्टा मे महिन्यात लावायचा, खिडकीपासून हातभर अंतरावर, आणि ऑक्टोबरात तळवा फिरवून पाहायचा. तोवर उरलेली माती वाळवून डब्यात ठेवली तर चालते. खळ मात्र तेव्हा ताजीच करावी लागेल.